आंब्याच्या धंद्याची वेबसाईट करायचीय, डिझायनरला टोकन देण्याआधी काय तयारी करू?

कलमवाला_देवगड

नमस्कार मंडळी. देवगडजवळ आमची वडिलोपार्जित बाग आहे, हापूसची साधारण १८० कलमं आणि कडेला थोडा पायरी. आजोबांपासून माल वाशीला दलालाकडे जायचा आणि पट्टी (दलालाचा विक्रीचा हिशोब) येईल ती मुकाट घ्यायची असा कारभार होता. चार वर्षांपूर्वी मी मुंबईची नोकरी सोडून गावी आलो आणि ओळखीपाळखीत व्हॉट्सअ‍ॅपवर डायरेक्ट विकायला लागलो. गेल्या हंगामात साडेसहाशे डझन असे थेट गेले, बाकी वाशीलाच. सोबत आई आणि बायको मिळून आंबापोळी आणि कोकम आगळ करतात, ते पण थोडं खपतं.

आता वेबसाईट करायचं डोक्यात आहे. तीन ठिकाणी विचारलं. एकाने १२ हजार सांगितले, दुसऱ्याने ४५ हजार आणि तिसऱ्याने एक लाख वीस हजार. तिघेही म्हणतात सगळं करून देतो. सगळं म्हणजे काय ते मलाच माहीत नाही त्यामुळे कोण महाग कोण स्वस्त हेच कळेना. एकाने २२ प्रश्नांचा फॉर्म पाठवला, त्यात एक प्रश्न होता की तुमचा ब्रँड माणूस असता तर कसा असता, मी बायकोला विचारलं तर ती म्हणाली लिहा घामेजलेला.

बाबांचं म्हणणं वेगळंच, "वेबसाईट कित्याक व्हयी? आंबो गोड असलो की लोक आपसून येतत." अगदीच चूक नाही ते, पण मे महिन्यात रात्री बारापर्यंत मेसेजना उत्तरं देऊन माझे डोळे जातात त्याचं काय.

गणपती नुकतेच गेले, आता जरा मोकळीक आहे, एकदा मोहोराची फवारणी सुरू झाली की डोकं वर काढायला वेळ नसतो. तर कोणाला टोकन देण्याआधी मी माझ्या बाजूने काय काय तयार ठेवू? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

खडूस_डिझायनर

अकरा वर्षं हाच धंदा करतोय पुण्यात, त्यामुळे हे स्वतःच्या पोटावर पाय देऊन सांगतोय समज. तिघांनी तुला एकाच वस्तूचे तीन भाव नाही सांगितलेत, तीन वेगळ्या वस्तूंचे सांगितलेत, कारण वस्तू कोणती ते तू सांगितलंच नाहीस. शिंप्याकडे जाऊन कापड न देता "काहीतरी चांगलं शिवा" म्हटल्यासारखं झालं ते. एकाने लेंगा धरला, एकाने शेरवानी.

बारा हजारवाला तयार टेम्पलेट टाकेल, त्यात सफरचंदाचा फोटो असेल तिथे आंबा चिकटवेल आणि "आम्ही गुणवत्तेशी तडजोड करत नाही" वगैरे मजकूर त्याच्याकडे आधीपासून पडलेला असतोच. लाखवाला तुला कूपन, लॉगिन, विशलिस्ट सगळं देईल. आंब्याला विशलिस्ट. विचार कर.

आता काम सांगतो. सध्या एकाही डिझायनरशी बोलू नकोस. गेल्या हंगामाचे व्हॉट्सअ‍ॅप चॅट उघड, मार्च ते मे, वही घे, आणि गिऱ्हाइकाने विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच्या शब्दात लिही, तोच प्रश्न परत आला की पुढे रेघ मार. पाचवी रेघ आडवी. दोन संध्याकाळी जातील. ज्याच्यापुढे जास्त रेघा ते पहिल्या पानावर वर, ज्याच्यापुढे कमी ते खाली, ज्याच्यापुढे एकही नाही ते घालूच नकोस, मग डिझायनर कितीही म्हणू दे. मी फुकट दिलेल्या सल्ल्यांपैकी हा एकच लोक खरोखर करतात आणि परत येऊन शिव्या देत नाहीत.

दुसरं म्हणजे एक गोष्ट ठरव: माणूस साईटवर आला की शेवटी त्याने काय करायचं? पैसे भरायचे, की तुला मेसेज करायचा, की फोन? तिन्ही म्हणू नकोस.

रील_मास्तर

२०२४ नंतर वेबसाईट कोण बघतं राव 😅 इन्स्टा पेज काढा, बागेतले रील टाका, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग लावा तो फुकट आहे. ४५ हजारात पेट्या पाठवायची खोकी येतील.

बंगळुरूचा_मराठी_माणूस

मी विकणारा नाही, घेणारा आहे, त्या बाजूने बोलतो. रील बघून मी दोनदा आंबे मागवलेत. रील झकास होतं, पेटी उघडली तर डझनात अकरा आणि त्यातले चार सुरकुतलेले, आणि बोलायचं कोणाशी तर इन्स्टाच्या मेसेजवर "सीन" दिसतं आणि पुढे शांतता. रीलने भूक लागते हे खरं पण पैसे पाठवताना माणूस बघतो की ह्याचा काही ठावठिकाणा आहे का.

मी काय शोधतो सांगू का. आज भाव काय. माझ्या पिनकोडला येतं का, मी बंगळुरूत आहे, निम्मे बागवाले मुंबई-पुण्याबाहेर पाठवत नाहीत आणि ते चार मेसेज झाल्यावर सांगतात. डझन म्हणजे किती वजनाची फळं, कारण डझनाला काही अर्थच नसतो हो, २०० ग्रॅमचं फळ पण डझनात बारा आणि ३०० चं पण बारा, पहिल्यात अडीच किलोच्या आत खेळ आटोपतो आणि दुसऱ्यात साडेतीन किलोच्या वर जातो. आणि साका निघाला तर काय.

साका ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आंबा बाहेरून एकदम देखणा, वास पण येतो, आणि कापला की आत पांढरट स्पंजासारखा गोळा. बाहेरून बागवाल्यालाही कळत नाही त्यामुळे मी त्याला दोष देत नाही, पण कळल्यावर तो काय करणार हे आधी लिहिलेलं असलं तर मी जास्त पैसे द्यायला तयार आहे. हे आजवर मला एकाही साईटवर स्पष्ट लिहिलेलं दिसलं नाही, सगळीकडे "नैसर्गिकरीत्या पिकवलेला अस्सल हापूस" एवढंच.

मसाल्याचा_डबा

नाशिकहून. माझा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे, सासूबाई आणि मी. माझी चूक सांगते म्हणजे तुझी टळेल.

साईट पुतण्याच्या मित्राने करून दिली, मुलगा हुशार, पैसेही बेताचे घेतले. डोमेन, म्हणजे साईटचं नाव, त्याच्याच ईमेलवर त्याच्याच मोबाईल नंबरवर काढलं होतं, मला तेव्हा डोमेन आणि होस्टिंग (साईट ठेवायची भाड्याची जागा) वेगळं असतं हेसुद्धा माहीत नव्हतं, मला वाटलं साईट घेतली म्हणजे साईट माझी. तो पुढे शिकायला कॅनडाला गेला, इथला नंबर बंद झाला. वर्षाने रिन्यूची वेळ आली तेव्हा सगळे मेल त्याच्या जुन्या ईमेलवर, तो ते उघडतच नव्हता. एक दिवस गिऱ्हाइकाचा फोन आला की ताई तुमच्या साईटवर भलतंच काहीतरी येतंय. मुदत संपून पार वेळ निघून गेली होती आणि ते नाव दुसऱ्याच कोणी तरी घेतलं होतं.

आणि मी काय केलं होतं, साईटचा पत्ता पाच हजार पाकिटांवर छापून घेतला होता. मग सासूबाई आणि मी सिरियल बघत बघत महिनाभर त्या पत्त्यावर पांढरे स्टिकर लावत बसलो. सासूबाई प्रत्येक स्टिकरला त्या मुलाचं नाव घेत होत्या, उखाण्यासारखं नाही 😄

त्यामुळे डोमेन आधी स्वतः घे, डिझायनर यायच्या आत. अर्धा तास लागतो. तुझं नाव, तुझा ईमेल, तुझा नंबर. आणि पहिल्या वर्षी शे-दोनशेत मिळालं म्हणून हुरळू नकोस, दुसऱ्या वर्षाचा रेट तिथेच खाली बारीक अक्षरात असतो तो बघ. होस्टिंगचं खातं पण तुझ्याच नावाने काढायला लाव, डिझायनरला आत यायची परवानगी द्यायची, किल्ली नाही द्यायची.

अजून एक, आमचं माहितीपत्रक प्रेसवाल्याने श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमधे, केलेलं होतं, मला वाटलं तोच मजकूर साईटवर टाकतील. टाकला तर सगळं चिनी दिसायला लागलं. शेवटी मीच मोबाईलवर बसून सगळं परत टाईप केलं. जुना मजकूर असेल तर तो आत्ताच युनिकोडमधे (सगळीकडे नीट दिसतं ते टायपिंग) करून घे.

रील_मास्तर

ताईंचा किस्सा वाचून माझं म्हणणं अर्धं मागे घेतो. पण अर्धंच. गिऱ्हाईक येणार रीलवरूनच, साईट म्हणजे फक्त दुकानाचं शटर.

खडूस_डिझायनर

हो मग, शटर लागतंच की दुकानाला. यावर भांडायला मला वेळ नाही.

कलमवाला_देवगड

तीन दिवसांनी येतोय, सॉरी. पण वही केली! बायकोने वाचायचं आणि मी रेघा मारायच्या, १९७ जणांचे चॅट झाले. काही ठिकाणी मी रात्री दीडला काय उत्तरं दिलीत ते वाचून लाज वाटली, एका काकूंना मी नुसतं "हो" असं चार वेळा लिहिलंय.

भाव काय आणि आज माल आहे का: १३१. आमच्याकडे पाठवता का, कधी पोचेल: ८८. कच्चा येतो की पिकलेला, कधी खायचा, फ्रिजमधे ठेवू का: ७४. साईझ, वजन: ४१. खराब निघाला तर: २९. कार्बाइड (आंबा पिकवायची पावडर) मारता का: १७. बाग बघायला येऊ का: ९. आंबापोळी कोकम वगैरे: २६, आणि हे मला माहीतच नव्हतं, कारण सगळे आंबे घेऊन झाल्यावर शेवटी विचारतात, आणि मे संपत आला की पोळी संपलेली असते.

आमची परंपरा, आमचं ध्येय, आमच्याविषयी: ०. लाखवाल्याच्या प्रस्तावात "आमच्याविषयी"ची दोन पानं होती.

आणि वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली जी मी कुठल्याच डिझायनरला बोललो नव्हतो. आमचा भाव दर तीन-चार दिवसांनी बदलतो. मार्चला जो भाव असतो त्याच्या निम्मा मेच्या मध्यावर, मधे पाऊस झाला, उष्णतेने फळ गळलं की अजून वेगळा. म्हणजे मला बागेत उभं राहून, एका हातात आंबे काढायचा झेला असताना, मोबाईलवरून भाव बदलता आला पाहिजे, आणि आमच्या वरच्या आगरात रेंज एक काडी असते कधी ती पण नसते. हे नसेल तर साईटवर जुना भाव दिसणार आणि मग त्यावरून गिऱ्हाइकाशी वाद.

खडूस_डिझायनर

बस, हेच तुझं खरं काम. बाकी सगळी सजावट. कागदावर पहिल्या ओळीत हेच लिही: "भाव आणि आज माल आहे की नाही या दोन गोष्टी मी स्वतः मोबाईलवरून दोन मिनिटांत बदलू शकलो पाहिजे." आणि साईट ताब्यात घेताना डिझायनरसमोर बसून तू स्वतः भाव बदलून दाखव, त्याने नाही. तुला जमलं तर शेवटचा हप्ता दे. हप्ते साधारण सुरुवातीला तिसरा हिस्सा, डिझाईन पास झाल्यावर तिसरा, ताबा घेताना उरलेला, आणि बदल किती वेळा फुकट ते आकड्यात लिहून घे. नाहीतर तू विसाव्यांदा "हिरवा जरा पोपटी करा" म्हणशील आणि तो फोन उचलायचा बंद करेल, दोघंही आपापल्या जागी बरोबर.

दुकानाची गाडी, म्हणजे कार्ट म्हणतात ती, साईटवरच माल निवडून पैसे भरायची सोय, पहिल्या वर्षी नको. तयार दुकान देणाऱ्या कंपन्या महिन्याचं भाडं घेतात, तू विकणार अडीच महिने आणि भाडं भरणार बारा महिने. ऑनलाईन पेमेंट गेटवे, म्हणजे साईटवर पैसे भरून घेणारी कंपनी, सहसा २ टक्क्यांच्या आसपास घेतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दोन लाखाचे आंबे विकलेस तर ४,७२० रुपये गेले. फार नाहीत, पण साडेसहाशे डझनाला हाताने यूपीआय चालतं. पहिल्या वर्षी साईटवर "ऑर्डर करा" दाबलं की व्हॉट्सअ‍ॅप उघडेल आणि त्यात मेसेज आधीच लिहिलेला असेल: किती डझन, कुठली साईझ, पिनकोड. माणसाने फक्त भरायचं. तुझे रात्रीचे प्रश्न तिथेच निम्मे कमी होतील. हंगाम संपल्यावर हिशोब बघ आणि मग ठरव.

आता सगळे विसरतात तो मुद्दा: ऑगस्टमधे साईटवर काय दिसणार? नऊ-साडेनऊ महिने तुझ्याकडे आंबा नसतो. "माल संपला" असं लिहून दार लावून ठेवणार का? त्या काळात पहिल्या पानावर आंबापोळी आणि आगळ वर आण, आंबा खाली, आणि "पुढच्या हंगामात कळवा" म्हणून नाव-नंबर घ्यायची एक चौकट ठेव. म्हणजे पहिल्या पानाची दोन रूपं लागतील, हंगामाचं आणि बाहेरचं, आणि ते बदलायचं बटण तुझ्याकडे. हे आधी सांगितलंस तर डिझायनरला तासाभराचं काम, नंतर सांगितलंस तर नवीन बिल.

फोटो गूगलवरून उचलू नकोस, गेल्या वर्षीचे मोबाईलमधलेच काढ, अगदी पेंढ्यात ठेवलेल्या आंब्यांचा असेल तर सोनं. पण डिझायनरला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नकोस, ते दाबून बारीक करतं, डॉक्युमेंट म्हणून पाठव नाहीतर ड्राईव्हवर टाक. साईटवर चढवताना त्याने बारीक करायचे, पाच एमबीचा फोटो एका काडीच्या रेंजवर कोणी उघडून बघत नाही.

आणि मराठी फॉन्ट. मुक्त, बलू हे मुंबईच्या एक टाईपचे फुकट मिळतात, छान आहेत. डिझायनर मराठी नसेल तर त्याला आठवण कर की पानाची भाषा मराठी आहे हे कोडमधे लिही, नाहीतर काही फॉन्टमधे ल आणि श हिंदी वळणाचे येतात, ल चा तो दांडीवाला प्रकार बघून आपल्या लोकांना काहीतरी खुपतं, काय ते सांगता येत नाही. टेस्टला "दुसऱ्या फळाला वऱ्हाडी चव" असं काहीही लिहून बघ, ऱ्या तुटला की फॉन्ट बदल.

एक राहिलं, साईट मराठीत ठेव पण पानाच्या नावात देवगड हापूस आणि अल्फान्सो हे इंग्रजी अक्षरांतही असू दे. आपला माणूस बोलतो मराठी आणि गूगलवर टाईप करतो इंग्रजी अक्षरांत.

काळा_कोट

वकील आहे, पण हा सल्ला गप्पांतला समजा, फी नाही घेतली म्हणजे जबाबदारी पण नाही 🙂

वर ताईंनी सांगितलं ते डोमेनचं. साईटच्या डिझाईनचं आणि कोडचंही तसंच आहे. पैसे दिले म्हणजे कॉपीराईट आपला झाला असं बहुतेकांना वाटतं. फ्रीलान्सरकडून करून घेतलं असेल तर तसं आपोआप होत नाही, तो हक्क त्याने तुमच्या नावे लेखी करून द्यावा लागतो, कॉपीराईट कायदा १९५७, कलम १९. आणि त्यातही गंमत अशी की लेखी करून दिलं पण मुदत लिहिली नाही तर पाच वर्षंच धरली जाते, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर फक्त भारत. त्यामुळे एका ओळीचं का होईना, "कायमस्वरूपी आणि जगभरासाठी" हे शब्द घालून घ्या. फोटोचं उलट आहे, पैसे देऊन फोटोग्राफरकडून काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा.

आंबापोळी आणि आगळ विकताय तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी नोंदणीचा, १४ आकडी नंबर लागेल, तो साईटवरही दिसू दे. स्वतःच्या बागेतल्या फळाचं वेगळं, शेतकऱ्याच्या शेतातल्या मालाला तो कायदा लागत नाही, पण पोळी केली की ती प्रक्रिया झाली.

ऑनलाईन विकणाऱ्यांसाठी २०२० चे ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम आहेत. तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव आणि नंबर साईटवर हवा, तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याभरात निकाली काढायची. आंब्याच्या बाबतीत महिनाभर म्हणजे कोय रुजेल, पण नियम तो आहे. परताव्याचं धोरण, डिलिव्हरीचं धोरण ही पानं पुढे पेमेंट गेटवे घ्याल तेव्हा ते मागतीलच, आत्ताच साध्या मराठीत लिहून ठेवा. दुसऱ्या साईटवरून कॉपी करू नका, मी एका लोणचेवाल्यांच्या धोरणात "उत्पादन न वापरता मूळ टॅगसह परत करावे" असं वाचलंय, कपड्यांच्या साईटवरून उचललेलं.

शेवटचं, जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन. हापूसला २०१८ मधे मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. पण बाग देवगडात आहे म्हणून लोगो लावता येतो असं नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची स्वतःची नोंदणी लागते. झाली नसेल तर डिझायनरने हौसेने लावलेला लोगो काढायला लावा.

कलमवाला_देवगड

नोंदणी झालेली नाही! बारा हजारवाल्याने दाखवलेल्या नमुन्यात तो लोगो चांगला मोठा होता. अर्ज करतो आता.

काल रात्री कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने चौकोन काढून पहिलं पान मांडलं. सगळ्यात वर मजकूर असा लिहिलाय, बघा आणि सुधारा:

"देवगडच्या लाल मातीत, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यावर, तीन पिढ्यांच्या मायेने जोपासलेला अस्सल हापूस. आजचा भाव: __ रुपये डझन. माल उपलब्ध. पहिली पेटी १५ मार्चपासून. खराब फळ निघाल्यास योग्य ती दखल घेतली जाईल."

बंगळुरूचा_मराठी_माणूस

पहिलं वाक्य छान आहे, पण मी ते वाचणार नाही, आणि वाईट वाटून घेऊ नका, ज्याच्याकडून आंबा वाईट आला त्याच्याही साईटवर माती लालच होती. भाव वर आणा. आणि कुठल्या साईझचा भाव? "योग्य ती दखल" हे सरकारी पत्रात असतं. किती तासांत फोटो पाठवायचा आणि तुम्ही पैसे देणार की फळ, ते सांगा.

मसाल्याचा_डबा

आणि कच्चा की पिकलेला ते राहिलं बघ, ७४ रेघा होत्या त्याला!

कलमवाला_देवगड

बरोबर. हे घ्या:

"आजचा भाव (बदलला तेव्हाची तारीख आणि वेळ इथे). २५० ग्रॅमच्या आसपासचं फळ, डझन साधारण ३ किलो: __ रुपये. मोठं फळ: __ रुपये. आज माल आहे / परवा निघेल / संपला. तुमचा पिनकोड टाका, येतो का सांगतो. आंबा तयार पण कच्चा पाठवतो, पेटीतल्या पेंढ्यातच राहू द्या, चार ते सहा दिवसांत पिकतो, फ्रिजमधे पिकल्यावरच ठेवा. पावडर नाही. साका किंवा नासका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पेटी मिळाल्यापासून आठ दिवसांत पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत."

आठ दिवस यासाठी की साका पिकून कापल्याशिवाय कळतच नाही, २४ तासांची अट घालून काय उपयोग, ती अट म्हणजे पैसे न द्यायची सोय. बायको म्हणाली आठ दिवस दिले तर लोक फायदा घेतील. गेल्या वर्षीचे २९ चॅट परत काढून बघितले, त्यातले लबाडीचे मला दोनच वाटले. घेतील तर घेतील.

लाल माती खाली सरकवली, बागेच्या फोटोखाली, तिथे शोभते.

हे बाबांना वाचून दाखवलं. बाकी सगळं गप्प ऐकलं, जुन्या मजकुरातली १५ मार्चची ओळ मात्र त्यांनीच काढायला लावली. म्हणाले, "मोहोर येवंक नाय आणि तू तारीख दितस?" मग तिथे आता असं आहे: "पहिली पेटी कधी ते मोहोर धरल्यावर, जानेवारीत इथेच सांगू."

खडूस_डिझायनर

ती बाबांची ओळ सगळ्यात चांगली आहे पानावर. आता हा कागद तसाच फोटो काढून तिघांना पाठव आणि परत भाव माग. टाईप करू नकोस, कॅलेंडरचा फोटोच.

कलमवाला_देवगड

अपडेट. तिघांना पाठवला. बारा हजारवाला लगेच म्हणाला १८ होतील. लाखवाल्याचं उत्तर नाही अजून. ४५ वाला ३० वर आला आणि त्याने उलट विचारलं की रेंज नसताना तुम्ही भाव बदलला तर तो मोबाईलमधे अडकून राहील, रेंज आल्यावर आपोआप जायला हवा का, आणि तोपर्यंत गिऱ्हाइकाला जुना भाव दिसेल ते चालेल का. मला हे सुचलंच नव्हतं. त्यालाच देतोय काम, कॉपीराईटच्या ओळीला त्याने हरकत घेतली नाही.

डोमेन काल रात्रीच घेतलं, बाबांच्या नावावर, ओटीपी माझ्या मोबाईलवर. बाबांनी सगळं समजून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे सातबारो आपल्या नावार झालो ना?" म्हटलं हो, तसंच समजा.

मसाल्याचा_डबा

तसंच नको समजू बाबा, सातबारा दर वर्षी रिन्यू करावा लागत नाही. आत्ताच्या आत्ता पुढच्या वर्षीच्या तारखेचा गजर लाव, आणि महिनाभर आधीचा लाव.